इंदूरचा बाँड, सोलापूरचा खिसा: महापालिकेच्या कर्जरोख्याचं परीक्षण

सोलापुरात हाताशी दोन-चार लाख आले की त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात: बँकेत ठेव, पतसंस्थेत ठेव, सोनं, नाहीतर हद्दीबाहेर एखादा प्लॉट. महापालिकेला व्याजाने पैसे द्या म्हटलं तर समोरचा आधी हसेल आणि मग विचारेल, "आणि परत कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. या मालाचं सगळं परीक्षण त्याच प्रश्नाभोवती फिरतं.

पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढून ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले, पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटी. पण ते खासगी वाटप होतं, बँका, विमा कंपन्या आणि फंडांसाठी. शेअर-रोखे बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनंतर सामान्य माणसाला पहिल्यांदा दार उघडलं ते इंदूरने, फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणून इथे मोजमापाला तोच घेतला आहे.

माल असा. एकूण २४४ कोटी, वार्षिक ८.२५ टक्के, व्याज दर सहा महिन्यांनी. पत मानांकन, म्हणजे कर्ज फेडायच्या ऐपतीला दिलेला दर्जा, काढताना इंडिया रेटिंग्जचं एए प्लस, केअरचं एए. कमीत कमी अर्ज १०,००० रुपयांचा होता. पैसा कशासाठी? खरगोन जिल्ह्यातल्या जलूदला ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प, नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत उपसायचं वीजबिल कमी व्हावं म्हणून. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून आणणाऱ्या शहराला हे गणित वेगळं समजावायला नको. पंपाचं बिल महापालिकेला कसं खातं ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता रचना नीट बघा, कारण घोळ इथेच होतो. १,००० रुपयांचा एक बाँड म्हणजे २५० रुपयांचे चार तुकडे: तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांचा. एक लाख गुंतवले तर प्रत्येक तुकड्यात २५,००० जातात. पहिली तीन वर्षं सहामाही व्याज ४,१२५ रुपये. तिसऱ्या वर्षाअखेर २५,००० मुद्दल परत येतं आणि पुढची दोन वर्षं व्याज ३,०९३ रुपये ७५ पैसे. पाच वर्षांनंतर २,०६२ रुपये ५० पैसे, सातनंतर १,०३१ रुपये २५ पैसे. बँकेच्या ठेवीची सवय असलेल्याला वाटतं, दर उतरवला की काय. दर तोच असतो, मुद्दल कमी झालेलं असतं. परत आलेले २५,००० लगेच दुसरीकडे लावले नाहीत तर ते बचत खात्यात लोळत पडतात आणि ८.२५ ची सगळी शोभा जाते. पेन्शनर मंडळींनी दरमहा खर्चाला या व्याजावर विसंबू नये. सहामाही येतं आणि टप्प्याटप्प्याने घटतं.

कर. नगरपालिकेचा बाँड म्हणजे करमुक्त हा समज अजून टिकून आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरावीक रोख्यांना तशी सवलत देऊ शकतं, हा बाँड त्यातला नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला उपकर धरून हातात ५.६८ टक्केच पडतात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला ६.५३. कर लागू नसलेल्या ज्येष्ठांना पूर्ण ८.२५ मिळतात आणि खरा फायदा त्यांचाच. डिमॅटमधल्या सूचिबद्ध रोख्यांच्या व्याजावर टीडीएस न कापायची सवलत १ एप्रिल २०२३ पासून गेली, त्यामुळे न कापण्याबद्दलचा फॉर्म बँकेत दिला तसा इथेही वेळेत द्यावा लागतो. बँकेला दिलेला इथे चालत नाही.

"परत कोण देणार" याचं उत्तर राज्य सरकार नाही. बंगळुरूने १९९७ मध्ये १२५ कोटी उभारले तेव्हा मागे राज्याची हमी होती. १९९८ मध्ये अहमदाबादने १०० कोटी हमीशिवाय उभे करून दाखवले आणि पुढची बरीच शहरं त्याच वाटेने गेली. हमीच्या जागी येतं एस्क्रो खातं. ठरवून दिलेलं उत्पन्न, बहुतेक ठिकाणी मालमत्ता कर, आधी या खात्यात पडतं. त्यातून व्याजाचा आणि मुद्दल फेडीच्या निधीचा हिस्सा बाजूला निघतो आणि उरलेलं महापालिकेच्या हातात जातं. पगार, ठेकेदारांची बिलं, रस्त्याचे खड्डे, सगळं त्यानंतर. निधी पुरेसा आहे का हे विश्वस्त कंपनी पाहते. व्यवस्था चोख आहे, यात शंका नाही. मात्र खात्यात मुळात किती पडतं हे ती ठरवत नाही. बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे तोही नाही.

म्हणून माहितीपत्रकात प्रकल्पाची रंगीत पानं उलटून पुढे जावं आणि वसुलीच्या तक्त्यावर थांबावं. चालू मागणी किती, चालू वसुली किती, थकबाकी किती आणि तिच्यातली जुनी किती. चालू आणि थकबाकीची वसुली एकत्र करून "एकूण वसुली" मोठी दाखवली असेल तर वेगळी मागावी. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, मग जीएसटी आला. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या स्वतःच्या हातात उरलेलं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. अभय योजना येणार, शास्ती माफ होणार या भरवशावर लोक मार्चपर्यंत थांबत असतील, तर तो तक्ता बघूनच मानांकनवाला हात आखडता घेतो.

आणखी एक खोड. देशातले बरेचसे बाँड १०० किंवा २०० कोटींचेच का? शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या अमृत योजनेत केंद्र दर १०० कोटींमागे १३ कोटी प्रोत्साहन देतं, जास्तीत जास्त २६ कोटी. मग आकडा २०० वरच येऊन थांबतो, कामाची गरज काहीही असो. पुण्याने पाणी योजनेसाठी २,२६४ कोटींचा बेत आखला होता. पहिले २०० कोटी आले, पण त्याच वर्षी पाइपलाइनच्या निविदा रद्द झाल्या आणि नव्याने काढाव्या लागल्या. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज. काम सुरू असो वा नसो, मीटर पडतच राहतो. गुंतवणूकदाराचं यात काही बुडालं नाही, पण करदात्याच्या बाजूने पाहिलं तर कार्यादेश हातात नसताना बाँड काढणं म्हणजे मांडव घालायच्या आधी वाजंत्री बोलावणं.

सोलापूर असा बाँड काढू शकेल का? नियमांनुसार दुहेरी नोंदीचे, लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत, आधीची कर्जं थकलेली नसावीत आणि मानांकन गुंतवणूक दर्जाचं हवं. पहिलीच अट भल्याभल्यांची दमछाक करते. पंढरपूर, बार्शीसारख्या नगरपालिकांना एकट्याने हे झेपणारं नाही. तिथे तमिळनाडूने २००२-०३ मध्ये केलं तसं, अनेक छोटी गावं एकत्र बांधून सुमारे ३० कोटींचा एक बाँड, हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

घ्यायचाच असेल तर सूचिबद्ध बाँड डिमॅट खात्यातून एनएसईवर मिळतो. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक वेगळा आणि व्यवहारही वेगळा, त्यामुळे कोणत्या मुदतीचा घेताय ते क्रमांकावरून ताडून पहा. उलाढाल तुरळक असते. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर समोर असेल त्या भावाला गळ्यात पडतो, म्हणून भाव बांधूनच टाकावी. पडद्यावरच्या भावात साचलेलं व्याज धरलेलं असतं. व्याज कुणाला द्यायचं ते ठरवणारी नोंद तारीख उलटली की भाव तेवढ्याने उतरतो, घाबरू नये. मुलीच्या लग्नासाठी अचानक मोडता येईल या हिशेबाने मात्र घेऊ नका. ठेव मोडायला बँकेत सही पुरते, इथे आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापला तो एक विक्रीतल्या अडचणीसाठी आणि अर्धा करासाठी.