थर्मल कॅमेरा घ्यावा की इन्फ्रारेड थर्मामीटर?

‘गरम कुठे आहे?’ हे शोधायचं असेल तर कॅमेरा घ्या. जागा आधीच ठाऊक असेल आणि ‘किती गरम?’ एवढंच हवं असेल, तर थर्मामीटर पुरतो.

दोन्ही उपकरणं फक्त येणारी किरणं मोजतात. थर्मामीटरचा लाल ठिपका नेम धरण्यापुरता असतो, मोजणीशी त्याचा संबंध नाही. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसच्या वर असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त किरणं सोडते, कारण तिच्यातले विद्युतभारित कण सतत हलत असतात. 27 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 300 केल्विनच्या वस्तूच्या किरणांचा जोर 9.7 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. तीच वस्तू 330 केल्विनला नेली की बाहेर पडणारी ऊर्जा जवळपास 46 टक्क्यांनी वाढते, कारण ती तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. मोजणी शक्य होते ती या तीव्र वाढीमुळेच. 8 ते 14 मायक्रोमीटरच्या पट्ट्यात हवाही बऱ्यापैकी पारदर्शक असते, म्हणून बहुतेक उपकरणं तिथेच बघतात.

थर्मामीटरमध्ये थर्मोपाइल असतो, म्हणजे एकामागे एक जोडलेली थर्मोकपल (तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणाऱ्या दोन धातूंच्या जोड्या). किरणांनी मधला पातळ पापुद्रा कडेपेक्षा किंचित तापतो आणि त्या फरकातून व्होल्टेज मिळतं. आकडा मात्र एकच, आणि तोही सरासरी. अंतराचं गुणोत्तर, म्हणजे अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास यांचं प्रमाण, 12:1 असेल, तर 120 सेंटीमीटरवरून 10 सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी मिळते. विजेच्या पॅनेलमधला तापलेला स्क्रू एवढ्या लांबून मोजलात, तर आकडा मुख्यतः आजूबाजूच्या पॅनेलचाच येणार. जवळ जाणं सुरक्षित नसेल, तर इथेच थर्मामीटर बाद होतो.

कॅमेऱ्यात असे सूक्ष्म पापुद्रे हजारोंनी असतात. 160 × 120 पिक्सेलचा कॅमेरा म्हणजे 19,200 मायक्रोबोलोमीटर. व्हॅनेडियम ऑक्साइडचा किंवा अस्फटिकी सिलिकॉनचा थर असलेले हे पापुद्रे निर्वातात अधांतरी उभे असतात. तापले की त्यांचा विद्युतरोध अंशामागे साधारण 2 टक्क्यांनी बदलतो. स्वतः कॅमेराही तापत असतो, त्यामुळे मध्येमध्ये ‘टक’ असा आवाज करून आतलं शटर मिटतं आणि सगळे पिक्सेल पुन्हा जुळवले जातात. अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरकही चित्रात उठून दिसतो. पण प्रत्यक्ष तापमानाचा आकडा अनेकदा 2 अंशांनी इकडेतिकडे असू शकतो. नेमक्या आकड्यासाठी कॅमेरा घेणं मला पटत नाही. त्याची खरी ताकद फरक दाखवण्यात आहे.

चकचकीत धातूपुढे मात्र दोघेही फसतात. घासलेलं ॲल्युमिनियम आदर्श काळ्या वस्तूच्या (त्या तापमानाला शक्य तेवढी सगळी किरणं सोडणाऱ्या वस्तूच्या) जेमतेम 5 टक्के किरणं सोडतं, म्हणजे त्याची उत्सर्जकता 0.05 असते, आणि बाकी आजूबाजूची परावर्तित करतं. त्यामुळे तापलेला पत्राही थंड दिसतो. त्वचा, रंग, लाकूड यांची उत्सर्जकता 0.9च्या वर असते, तिथे अडचण नाही. काचेपलीकडचंही दिसत नाही. साधी काच ही किरणं अडवते. म्हणून तर कॅमेऱ्याचं भिंग अनेकदा जर्मेनियमचं असतं.

थर्मामीटर घेताना आधी अंतराचं गुणोत्तर बघा, मग उत्सर्जकता बदलता येते का ते. कॅमेऱ्यात पिक्सेलची संख्या पहिली. मोबाइलशी जोडण्याच्या सोयी नंतर. काम धातूवरच असेल, तर दोन्हींसोबत काळी इन्सुलेशन टेप ठेवा. वीजपुरवठा बंद असताना ती धातूवर चिकटवा आणि यंत्र चालू होऊन तापलं की टेपवरचं तापमान मोजा.