पुनर्वसनाचा डॉक्टर निवडताना: कोणाकडे, केव्हा आणि कशासाठी

अर्धांगवायूच्या रुग्णाला रुग्णालयातून सुटी मिळते. हातात औषधांची यादी असते, खाली ‘फिजिओथेरपी सुरू ठेवा’ एवढीच ओळ असते, आणि पुढे दाखवायचं कोणाला हे कोणी सांगितलेलं नसतं. मेंदूचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट ही नावं सगळ्यांना माहीत असतात. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन म्हणजे पीएमआरचे, म्हणजेच पुनर्वसनाचे डॉक्टर मात्र बहुतेकांना फार उशिरा कळतात. या उशिराची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून हे लिहितो आहे.

पीएमआरचे डॉक्टर, ज्यांना फिझियाट्रिस्टही म्हणतात, हे वैद्यकीय पदवीनंतर या शाखेचं विशेष शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते निदान करतात, औषधं देतात, इंजेक्शनं देतात, पण शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. फिजिओथेरपिस्टचं शिक्षण वेगळं. हालचाल, ताकद, तोल हे त्यांचं क्षेत्र, आणि रोजची मेहनत तेच करून घेतात. त्यामुळे ‘दोघांपैकी कोण?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: दुखणं साधं असेल, निदान झालेलं असेल, तर चांगला फिजिओथेरपिस्ट पुरतो. एकाच वेळी चालणं, बोलणं, गिळणं, लघवी, झोप, मन असं सगळंच बिघडलं असेल, तर ते एकत्र पाहणारा डॉक्टर हवाच.

अर्धांगवायूचंच घ्या. न्यूरोलॉजिस्ट झटका कशामुळे आला ते शोधतात आणि पुन्हा येऊ नये म्हणून औषधं देतात. तो उपचार सुरूच ठेवायचा. पण हाताची मूठ आवळत चालली, खांदा दुखू लागला, पाणी पिताना ठसका लागू लागला, की प्रश्न पुनर्वसनाचा होतो. स्नायूंचा ताठरपणा वाढला तर पीएमआरचे डॉक्टर निवडक स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊ शकतात. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण 3 महिने टिकतो. तेवढ्या काळात ताण देण्याचे व्यायाम आणि स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारी पट्टी) जोरात चालवले तरच फायदा होतो, नुसत्या इंजेक्शनाने फारसं काही हाती लागत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वात जास्त असतो. ‘आधी जरा बरं वाटू दे, मग बघू’ म्हणत तोच काळ घालवू नका.

मणक्याला मार लागून मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर माझ्या मते पर्याय शोधत बसूच नये. शस्त्रक्रियेनंतर थेट असे रुग्ण नेहमी पाहणारं पुनर्वसन केंद्र गाठावं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय तुंबण्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब अचानक धोकादायक वाढू शकतो. डोकं ठणकतं, घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला उठवून बसवणं, कपडे सैल करणं, कॅथेटर (लघवीची नळी) तुंबलाय का ते पाहणं आणि लगेच वैद्यकीय मदत बोलावणं, हे घरच्यांनाही यायला हवं. हे आपणहून शिकवणारा डॉक्टर मिळाला, तर त्याला सोडू नका.

कंबरदुखीचं गणित वेगळं. पायातली ताकद झपाट्याने जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल किंवा बैठकीच्या जागेची संवेदना गेली असेल, तर थेट तातडीच्या विभागात जा, कारण तिथे मणक्याच्या शल्यचिकित्सकाची गरज आहे आणि तासांना महत्त्व आहे. असं काही नसेल आणि दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं असेल, तर पीएमआर तज्ज्ञाचं मत शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी घेतलेलं बरं. कंबरदुखीखेरीज आणखी एक प्रसंग: पाय कापावा लागणार असेल तर पीएमआरचे डॉक्टर, जमल्यास, आधीच भेटावेत. उरलेल्या भागाचा आकार, सांध्याची हालचाल यांवर पुढे कृत्रिम पाय कसा बसेल ते ठरतं.

आता मोठं केंद्र की घराजवळचा दवाखाना? मोठ्या केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ एका छताखाली असतात, आणि उत्तम केंद्रात ते एकत्र बसून एकाच रुग्णाबद्दल बोलतातही. जवळच्या दवाखान्यात हे नसतं, पण तिथे आठवड्यातून अनेकदा जाता येतं आणि पुनर्वसनात सातत्याशिवाय काही होत नाही. इजा मोठी असेल तर सुरुवात केंद्रात दाखल होऊनच करावी. इतरांनी तपासणी आणि आराखडा केंद्रात करून रोजचे व्यायाम घराजवळ ठेवावेत, आणि दोन्हीकडचे कागद एकमेकांपर्यंत पोहोचतील हे पाहावं.

डॉक्टर पारखताना मी पदवी आधी पाहीन, पण निर्णय त्यांच्या प्रश्नांवरून घेईन. फक्त एमआरआय पाहून औषधं लिहिणारे एकीकडे. ‘घरात पायऱ्या किती? संडासात आधाराला दांडा आहे का? रात्री कूस कोण बदलतं? कामावर परतायचंय का?’ असं विचारणारे दुसरीकडे. मी दुसऱ्यांकडे जाईन. तुमच्यासारखे रुग्ण ते किती वेळा पाहतात हेही मोकळेपणाने विचारा. सगळेच पीएमआर तज्ज्ञ सगळं करत नाहीत. कोणी मुख्यतः दुखण्यावर काम करतं, कोणी सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेल्या) मुलांसोबत, कोणी खेळाडूंसोबत. आणि ‘3 महिन्यांत काय जमायला हवं, ते नाही जमलं तर पुढे काय?’ याचं स्पष्ट उत्तर मागा. ‘पूर्ण बरे व्हाल’ असं पहिल्याच भेटीत छातीठोक सांगणाऱ्यांपासून सावध राहा.

पहिल्या भेटीला सुटीचा कागद आणि चालू औषधांची पूर्ण यादी न्या, कारण झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांमुळे सुधारणा अडते. रुग्ण घरात कसा उठतो, चालतो, जेवतो याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. आणि सोबत त्या व्यक्तीला न्या जी रोज प्रत्यक्ष सेवा करते. तिची पाठ दुखत असेल, झोप होत नसेल, तर तेही डॉक्टरांना त्याच भेटीत सांगा.