कॉट्सवोल्ड्स, केंट की डर्बीशर? आई-बाबांना एक दिवस खेड्यात न्यायचंय तर…

मे महिना आला की लंडनच्या मराठी घरांत एकच प्रश्न फिरायला लागतो. आई-बाबा आलेत, बिग बेन झालं, ग्रिनिच झालं, आता एखादा दिवस बाहेर खेड्याकडे कुठे न्यायचं? बहुतेक जण डोळे मिटून कॉट्सवोल्ड्स म्हणतात. मीही तेच म्हणायचे. पण दोन उन्हाळे आई-बाबांना घेऊन फिरल्यावर माझं मत बदललंय. इथे तिन्ही पर्याय शेजारीशेजारी ठेवते, तुमचं तुम्ही ठरवा.

आमची परिस्थिती अशी. गाडी नाही, म्हणजे ट्रेन आणि बस. सकाळी निघून रात्री परत. बाबा मूळचे गुहागरचे, मासे म्हटलं की डोळे चमकतात. आई शाकाहारी, अंडं "केकमध्ये असलं आणि दिसलं नाही तर चालतं" या पंथाची. शिवाय तिचा सोमवार असतो. तुमच्या घरी यातलं काही वेगळं असेल तर निकालही वेगळा लागेल.

आधी कॉट्सवोल्ड्स, कारण तेच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पॅडिंग्टनहून मोरटन-इन-मार्श साधारण एक तास चाळीस मिनिटं. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, त्याचीच घरं, त्याच्याच कुंपणाच्या भिंती. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर हा भाग श्रीमंत झाला आणि तो पैसा चर्चमध्ये आणि घरांत ओतला गेला. बायबरी गावातली ती प्रसिद्ध घरांची ओळ, अर्लिंग्टन रो, चौदाव्या शतकात लोकर साठवायची जागा होती. सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. फोटोत दिसतं तितकंच सुंदर आहे. मात्र फोटोत बसमधून उतरलेली माणसं दिसत नाहीत, आणि त्या घरांत आजही कुणीतरी राहतं, ज्यांच्या खिडकीत डोकावणाऱ्यांमध्ये माझे बाबाही होते.

अडचण स्टेशनापुढे सुरू होते. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या बस थोड्या आणि रविवारी आणखी थोड्या. दोन गावं पाहायची म्हटलं तरी वेळापत्रक हातात धरून धावपळ. मोरटनचा बाजार मंगळवारी भरतो, म्हणजे सुट्टी काढूनच जायला हवं. आणि खाणं? इथली खरी खासियत म्हणजे ग्लॉस्टरशर ओल्ड स्पॉट्स जातीचं डुक्कर आणि त्याचे सॉसेज, हॅम. मासेखाऊंसाठी नदीतला ट्राउट. शाकाहाऱ्यांसाठी डबल ग्लॉस्टर चीज, आणि एप्रिलअखेर ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत शेजारच्या ईव्हशम खोऱ्यातलं ॲस्पॅरॅगस. ही आपल्या शतावरीची सख्खी बहीण, नुसती लोण्यावर परतलेली. आईला ती आवडली असती. मिळाली नाही, कारण आम्ही पबमध्ये पोचलो दोन वाजून चाळीस मिनिटांनी. स्वयंपाकघर अडीचला बंद, पुन्हा उघडणार सहाला. तिघांत मिळून क्रिस्प्सची चार पाकिटं आणि लेमोनेड, हे आमचं कॉट्सवोल्ड्समधलं जेवण. खेड्यातल्या पबचं हे कुठेही असंच असतं, त्यामुळे दोष गावाचा नाही. पण बसची वाट बघण्यात दुपार गेली की हे हमखास होतं.

आता केंट. सेंट पँक्रासहून हायस्पीड गाडीने फॅव्हरशमला जेमतेम सव्वा तास, आणि तिथून पुढे व्हिट्स्टेबल दहा मिनिटांच्या आत. दोन्हीकडे स्टेशन गावातच आहे, बसची भानगड नाही. केंटला 'इंग्लंडची बाग' म्हणतात. गाडीच्या खिडकीतून सफरचंदाच्या बागा दिसतात आणि मधूनच शंकूच्या छपराच्या, वर पांढरी टोपी घातलेल्या गोल इमारती. त्या ओस्ट हाउस. बिअरसाठी लागणारी हॉप्सची फुलं त्यांत वाळवायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्व लंडनमधली कामकरी कुटुंबं सप्टेंबरात पोराबाळांसकट ही फुलं तोडायला इथे यायची; तीच त्यांची मजुरी आणि तीच त्यांची सुट्टी. बाबा म्हणाले, "म्हणजे ऊसतोडीला जातात तसं." तितकं कष्टाचं नसावं, पण चित्र बरोबर डोळ्यांसमोर आलं.

फॅव्हरशमचा बाजार मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी, खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या गिल्डहॉलच्या आजूबाजूला. जूनअखेरीपासून जुलैपर्यंत चेरी. ऑगस्टअखेरीला कॉबनट, म्हणजे हिरव्या सालीतले ओले हेझलनट. ओल्या भुईमुगाच्या शेंगा आवडत असतील तर हे आवडतीलच, फक्त दाताऐवजी अडकित्ता लागेल. गावाबाहेर ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे, तिथे सफरचंदाच्याच दोन हजारांहून जास्त जाती लावलेल्या आहेत. जूनजुलैत आसपासच्या शेतांत स्ट्रॉबेरी स्वतः तोडून वजनावर विकत घेता येते, मात्र शेतं गावाबाहेर असतात आणि बऱ्याच ठिकाणी वेळ आधी राखावी लागते. आईला त्या शेतातून बाहेर काढायला अर्धा तास लागला. "महाबळेश्वरला थंडीत मिळते ती आणि इथे भर उन्हाळ्यात?" असं म्हणत तिने दोन टोपल्या भरल्या. बाबांनी पैसे भरताना तोंड केलं.

बाबांचा दिवस उगवला व्हिट्स्टेबलला. हे कालवांचं गाव. बंदराजवळच्या टपऱ्यांवर कालवं समोर फोडून, बर्फावर मांडून, लिंबाची फोड लावून देतात. आणि ती कच्ची असतात. बाबांनी आयुष्यभर खडकावरची कालवं फोडून खाल्लीत, पण कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवून. शिंपला हातात घेऊन ते बराच वेळ नुसते बघत राहिले. कडेचं पाणी हललं तसे म्हणाले, "जिवंत आहे गं हे." मग डोळे मिटून तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. थोड्या वेळाने: "समुद्रच आहे. मीठ कमी नाही, जास्त नाही." दुसरं लगेच मागितलं. तिसऱ्याला त्यांनी खिशातून पुडी काढून लाल तिखट भुरभुरवलं, तेव्हा विकणारा मुलगा हसला आणि मी दुसरीकडे बघितलं.

कालवांचे दोन प्रकार आहेत हे तिथे कळतं. खडबडीत शिंपल्याचं पॅसिफिक कालव वर्षभर मिळतं. इथलं मूळचं, चपटं, गोलसर कालव मात्र सप्टेंबर ते एप्रिल एवढंच. इंग्रजीत याचा नियम असा की महिन्याच्या नावात 'आर' हवा. गंमत म्हणजे मराठीतही तो जसाच्या तसा लागू पडतो: मे, जून, जुलै, ऑगस्ट या चारांतच 'र' नाही. बाबांचा निष्कर्ष: "कालवांनाही श्रावण असतो."

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालायचा बेत करू नका. ओहोटीला 'द स्ट्रीट' नावाचा गोट्यांचा चिंचोळा पट्टा समुद्रात लांबवर उघडा पडतो, दोन्ही बाजूंना पाणी. त्यासाठी ओहोटीची वेळ बघून निघा. बाबांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी आदल्या रात्रीच तिथी विचारली होती.

आईचं जेवण इथे जरा बेताचंच. मासळीच्या गावात शाकाहारी माणसाला चिप्स मिळतात आणि त्याही कधी मासे तळलेल्याच तेलात तळलेल्या. विचारून घ्या. फळं आणि बेकरी यांवर दिवस निघतो, पण ताट भरत नाही.

ताट भरलं डर्बीशरला. हा तिन्हींत लांबचा पल्ला: सेंट पँक्रासहून शेफील्ड दोन तास, तिथून होप व्हॅलीची छोटी गाडी, हॅथरसेज वीसेक मिनिटं, ईडेल अर्धा तास. पण स्टेशनावर उतरलात की पायवाट समोरच सुरू होते. इथलं पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ चं. ईडेलच्या डोक्यावर किंडर स्काउटचं पठार आहे. १९३२ च्या एप्रिलमध्ये शेकडो कामगार तरुण मालकांची मनाई झुगारून त्यावर चढले आणि त्यापायी पाच जण तुरुंगात गेले. त्या माळावर सामान्य माणसाला चालता यावं म्हणून झालेलं हे भांडण आईला लंडनच्या संग्रहालयांतल्या मॅमथच्या हाडांपेक्षा आणि राजवाड्यांपेक्षा जास्त आवडलं. ती वर चढली नाही, खालच्या शेतांतून दोन मैल चालली. शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर सार्वजनिक वाटेची पाटी असली तर शेतकरी ओरडत नाही. फक्त फाटक उघडलंत तर लावायचं, कारण मागे मेंढ्या आहेत.

खायला मात्र बेकवेल गाव, शेफील्डहून बसने. तिथे दुकानांत डर्बीशर ओटकेक मिळतात. नाव ऐकून बिस्किट वाटेल, पण तो प्रकार स्कॉटलंडचा. इथला ओटकेक म्हणजे ओटचं पीठ, थोडी कणीक, यीस्ट आणि पाणी घालून आंबवलेलं पातळसर मिश्रण, तव्यावर ओतून दोन्ही बाजूंनी भाजलेलं. मऊ, जाळीदार, तपकिरी. चीज घालून गरम करून पुढ्यात आलं तेव्हा आईने कडा मोडून बघितली, वास घेतला आणि म्हणाली, "हे धिरडं आहे." मग तिने चीज बाजूला काढून डब्यातली लसणाची चटणी लावली. इथून सहा ओटकेक घरी आले आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तुपावर खरपूस झाले.

बेकवेलची दुसरी ख्याती म्हणजे पुडिंग. टार्ट वेगळं, पुडिंग वेगळं, गावात चुकूनही दोन्ही एकच म्हणू नका. पुडिंगमध्ये पापुद्र्याच्या पात्रात जॅम आणि वर अंडं-लोणी-बदामाचं थलथलीत सारण. सराईतली स्वयंपाकीण चुकली आणि हा पदार्थ जन्मला, अशी गोष्ट सगळे सांगतात. काही जण १८६० चं सालही देतात. पण १८४५ च्या पाककृतीच्या पुस्तकात तो आधीच आहे, तेव्हा गोष्ट गोडच समजायची. मला विचाराल तर पुडिंग फार गोड, टार्ट उत्तम. आईला पुडिंगमधलं अंडं "दिसलं", त्यामुळे तिचाही कौल टार्टला.

चीज घेणार असाल तर स्टिल्टन हे निळं चीज करायची परवानगी असलेल्या तीन काउंट्यांपैकी, म्हणजे जिल्ह्यांपैकी, डर्बीशर एक, बाकी दोन लेस्टरशर आणि नॉटिंगहमशर. खुद्द स्टिल्टन नावाचं गाव केंब्रिजशरमध्ये आहे, त्यामुळे तिथे ते करता येत नाही. निळं चीज आमच्या घरात मी सोडून कुणी खाल्लं नाही, तो विषय तिथेच संपला. कट्टर शाकाहारी असाल तर शेतावर केलेल्या चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, कसलं आहे ते विचारा. पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातलं असतं. चीज-टोस्टवर वूस्टर सॉस घातला तर त्यात अँचोव्ही मासे असतात. रविवारच्या नट-रोस्टशेजारचे (मांसाऐवजी देतात तो सुकामेव्याचा भाजलेला प्रकार) बटाटे हंसाच्या चरबीत भाजलेले असू शकतात. हे तिन्ही ठिकाणांना लागू आहे, पण पीक डिस्ट्रिक्टमध्ये चालणाऱ्यांची वर्दळ असल्यामुळे आम्हाला प्रश्न विचारताना कुणी कपाळाला आठी घातली नाही.

आणि सोमवार. बेकवेलचा बाजार नेमका सोमवारी भरतो. आई म्हणाली, आता उपासाला काय खाऊ? जॅकेट पोटॅटो! सालीसकट भाजलेला अख्खा बटाटा, आत लोणी आणि मीठ. फक्त वाटाणे, बीन्स, चीज काही घालू नका म्हणून सांगावं लागतं, आणि काउंटरवरच्या बाईंना तुमची दया येते. आमच्यासाठी त्यांनी लोण्याचा गोळा दुप्पट दिला.

तर निवड अशी करते मी. गुडघे दुखत असतील आणि घरात मासेखाऊ असेल तर केंट. जून-जुलैत फळांसाठी, सप्टेंबरनंतर कालवांसाठी. शाकाहारी माणूस असेल, दोन-तीन मैल सहज चालत असेल आणि दोन तासांच्या ट्रेनचा कंटाळा नसेल तर डर्बीशर, शक्य झालं तर एक रात्र मुक्काम करून. कॉट्सवोल्ड्स तेव्हा, जेव्हा कुणीतरी गाडी चालवणारं आहे, वार मधला आहे आणि एक वाजता पबमध्ये टेबल राखून ठेवलंय. तिन्हीकडे तिघं किंवा जास्त असाल तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह विचारा, ऑफ-पीक तिकिटावर बऱ्याच मार्गांवर तिसरा हिस्सा सुटतो. आमचे पहिल्या वर्षी ते पैसे गेले, कारण मला माहीतच नव्हतं.

यंदा बाबा जूनऐवजी सप्टेंबरात यायचं म्हणताहेत, चपट्या कालवांसाठी. आई म्हणते, गणपती हलल्याशिवाय ती घर सोडणार नाही. तारखांवरून फोनवर अजून वाद चालू आहे.