मुंबईतलं कन्फेशन: पापक्षमा लगेच, सवय मात्र सावकाश

कॅथलिक चर्चमधल्या कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करून क्षमा मिळवण्याच्या विधीला, तारे देणं जरा विचित्रच दिसेल. फादरनी उच्चारलेली पापक्षमा कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये मिळो की उपनगरातल्या लहानशा पॅरिशमध्ये (त्या-त्या भागाच्या स्थानिक चर्चमध्ये), तिच्यात डावं-उजवं नाही. फरक असतो तो वेळेत, भाषेत, आडोशात आणि फादरांकडे असलेल्या सवडीत. माणूस पुन्हा येणार की नाही, हे बहुधा यावरच ठरतं. म्हणून हे परीक्षण त्या व्यवस्थेचं आहे. शिवाय पापापासून सुटका व्हावी म्हणून येणाऱ्याच्या हाती नेमकं काय पडतं, तेही पाहायला हवं.

पापाची क्षमा क्षणात होते. पापाची सवय क्षणात जात नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणारेच सर्वात जास्त निराश होतात. ‘कन्फेशन करूनही तेच पुन्हा झालं, म्हणजे उपयोग शून्य,’ असा त्यांचा हिशेब असतो. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात खुद्द पौल म्हणतो की जे करायला नको तेच माझ्या हातून होतं. मग आपल्याला एका शनिवारात सगळं का साधावं?

आधी वेळेबद्दल. बहुतेक पॅरिशांमध्ये शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी (मुख्य उपासनेआधी) फादर कन्फेशनसाठी बसतात. साध्या आठवड्यातला हा शनिवार सर्वात चांगला: रांग लहान असते आणि फादर दमलेले नसतात. माहीमच्या सेंट मायकलला बुधवारी नोव्हेना या प्रार्थनेसाठी दिवसभर रीघ असते. ज्याला निवांत बोलायचं आहे त्याने तो दिवस टाळावा. सप्टेंबरमध्ये जत्रेच्या आठवड्यात वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला जाणाऱ्यांनीही तेच करावं. बरीच वर्षं कन्फेशन झालेलं नसेल, किंवा प्रकरण गुंतागुंतीचं असेल, तर रांगेत उभंच राहू नये. पॅरिश ऑफिसला फोन करून अर्ध्या तासाची वेळ मागावी. कारण सांगावं लागत नाही, ‘फादरांना भेटायचंय’ एवढं पुरतं. ही सोय खूप कमी लोक वापरतात.

तयारी घरीच करायची, पंधरा-वीस मिनिटं. बायबलमधल्या दहा आज्ञा एकेक करून समोर ठेवायच्या आणि प्रत्येकीपाशी थांबायचं. गंभीर पाप कशाला म्हणायचं, याच्या तीन अटी आहेत: गोष्ट गंभीर हवी, ती तशी आहे हे पुरतं माहीत हवं आणि ती स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. गंभीर पापं प्रकारासह आणि संख्येसह सांगायची असतात. नक्की आकडा आठवत नसेल तर ‘आठवड्यातून साधारण दोनदा, वर्षभर’ असं म्हणावं. यादी कागदावर लिहावी आणि नंतर फाडून टाकावी. फोनमधल्या नोट्समध्ये लिहू नये. घरातल्या टॅबवर तेच खातं उघडं असतं, हे रांगेत लागल्यावर आठवून फायदा नाही.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करायची, मागचं कन्फेशन कधी झालं ते सांगायचं आणि मुद्द्यावर यायचं. चुका होतात त्या इथेच. पहिली म्हणजे मोघमपणा: ‘फादर, माझ्याकडून चुका झाल्या.’ कसल्या? दुसरी त्याहून सरसकट आढळते. बायकोचं, सासूचं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं पाप सविस्तर सांगायचं आणि स्वतःचं शेवटच्या वाक्यात उरकायचं. तिसरी चूक म्हणजे लाज वाटली म्हणून एखादं गंभीर पाप मुद्दाम गाळणं. चर्चच्या शिकवणीप्रमाणे त्याने संपूर्ण कन्फेशनच निष्फळ होतं. नुसतं विसरलेलं पाप मात्र क्षमेत येतं. आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. त्यानंतर फादर दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता आणि फादर पापक्षमेचे शब्द उच्चारतात. चांगली तयारी असली की हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं.

गुप्ततेच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण. चर्चच्या कायद्याने ती मोडताच येत नाही. ऐकलेलं थेट उघड करणारा फादर त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत ठरतो. भाषेची अडचण असेल तर दुभाष्या घेता येतो आणि त्यालाही गुप्तता तितकीच बंधनकारक असते. मुंबईत हा मुद्दा खरा आहे, कारण अनेक पॅरिशांचा कारभार मुख्यतः इंग्रजीत चालतो. पण दुभाष्यासमोर पापं सांगायला कोण धजावेल? त्यापेक्षा मराठी बोलणारे फादर कोण आहेत ते ऑफिसात विचारावं. वसईकडून आलेले फादर असतील तर प्रश्नच मिटला. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून कन्फेशन होत नाही, समोरासमोरच व्हावं लागतं.

आडोशाला मात्र गुण कापावे लागतात. जाळीपलीकडून बोलण्याचा तुमचा हक्क आहे, तरी काही ठिकाणी कोपऱ्यात दोन खुर्च्या मांडून काम भागवतात. पंखे बंद पडले की कुजबुज तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू जाते. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांनी तर रांगेत न लागता वेगळी वेळच घ्यावी. गुडघे दुखत असतील तर बसून बोलावं, त्याने काही बिघडत नाही.

पैसे? एक रुपयाही लागत नाही. मिस्सेसाठी दिलं जाणारं दान वेगळं. माउंट मेरीच्या बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ती नवसाची आणि प्रार्थनेची गोष्ट आहे, तिचा पापक्षमेशी संबंध नाही. पैसे घेऊन ‘पापबंधन तोडून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, मग तो कोणत्याही पंथाचा असो, तर सरळ पाठ फिरवावी.

आता सुटकेचा कठीण भाग. प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना मिळाली की लोकांना हिशेब पुरा झाल्यासारखा वाटतो. पण चोरलेलं परत करावंच लागतं. कुणाचं डिपॉझिट बुडवलं असेल, ऑफिसात खोटी बिलं लावली असतील, तर ती रक्कम ज्याची त्याला गेली पाहिजे. नाव न सांगता पाठवली तरी चालते, फक्त देवाच्या पेटीत टाकून मोकळं होता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय चौपट परत करायला निघाला होता; इथे निदान मुद्दल तरी द्यावं. बदनामी केली असेल तर जिथे केली तिथेच, त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ती दुरुस्त करावी.

आणि पुन्हापुन्हा होणारं पाप ज्या प्रसंगातून येतं तो प्रसंगच तोडावा लागतो. पगाराच्या दिवशी बारवरून जाणारा रस्ता बदलायचा, रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्ज करायचा, उधारीवर जुगार खेळणाऱ्या मित्राचा नंबर काढून टाकायचा. दर वेळी वेगळ्या चर्चमध्ये, वेगळ्या फादरांकडे जाणाऱ्याची सवय क्वचितच सुटते, कारण मागच्या महिन्यात काय ठरलं होतं ते विचारणारं कुणी नसतं. एकच फादर धरावेत आणि महिन्याला एक वेळ ठेवावी. दारूचं व्यसन असेल तर सोबत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जावं. ही संघटना कोणत्याही चर्चची नाही. क्षमा झालेलं तेच पाप माणूस दर आठवड्याला घाबरून पुन्हा सांगत असेल, तर फादरांइतकीच मानसोपचारतज्ज्ञाचीही गरज असू शकते. समजूतदार फादर हे स्वतःच सुचवतात.

बाप्तिस्मा न झालेल्याला ही पापक्षमा मिळत नाही, मात्र फादरांशी बोलायला कुणालाही मज्जाव नाही. प्रॉटेस्टंट वाट वेगळी आहे. फोर्टातल्या १७१८ च्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या उपासनेत सगळे मिळून पापकबुली म्हणतात, पाळक क्षमेची घोषणा करतात, आणि एकट्याने पाळकासमोर पापं सांगणं सक्तीचं नसतं. पहिल्या योहानाच्या पत्रातलं वचन दोघांनाही आधाराला आहे: पापं कबूल केली तर देव क्षमा करतो. ज्याला स्वतःची फसवणूक चटकन जमते, त्याला समोर माणूस असलेली कॅथलिक पद्धत अधिक लागू पडते, असं आमचं मत.

चर्चचा नियम गंभीर पापं वर्षातून निदान एकदा सांगण्याचा आहे, म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटी सगळी मुंबई एकदमच उगवते. पॅरिशांमध्ये तेव्हा सामुदायिक प्रायश्चित्तविधी असतो, शेजारच्या पॅरिशांतूनही फादर येतात, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटंच येतात. गुड फ्रायडेला मिस्सा नसते, पण कन्फेशन ऐकायला मुभा असते. त्या दिवशी जाणार असाल तर ऑफिसला आधी वेळ विचारा, पाण्याची बाटली घ्या आणि यादी छोटी नसेल तर ईस्टरनंतरच्या शनिवारची वाट पाहा.