झिगबी सेन्सर: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

नाशिकला आमचं घर तळमजला अधिक एक, वर गच्चीत पाण्याची टाकी. मध्ये दोन स्लॅब. झिगबीचं (घरातली स्मार्ट उपकरणं बिनतारी जोडणाऱ्या तंत्राचं) सामान पावसाळ्यात बसवायला घेतलं, आता उन्हाळा लागलाय.

खोक्यावर ‘मेश’ (जाळं) वाचून वाटतं, प्रत्येक उपकरण शेजारच्याचा निरोप पुढे नेत असेल. तसं नसतं. हे काम करतात ती कायम विजेवर असलेली उपकरणं: स्मार्ट प्लग, बल्ब, न्यूट्रल जोडलेले स्विच. बॅटरीवरचे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेलेच असतात, म्हणून तर एवढासा सेल महिनोन्‌महिने पुरतो. दारोदारी सेन्सर लावा, जाळं तसूभर पुढे सरकत नाही. आमच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाखालचा सेन्सर सारखा गायब व्हायचा. जिन्याच्या वळणावर एक प्लग खोचला आणि टाकी वाहायला लागली की खाली मोबाइल वाजायला लागला.

बल्बच्या भरवशावर मात्र राहू नका. खोलीतून निघताना बटण बंद करायचं हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. बटण बंद म्हणजे बल्ब मेला, आणि त्याच्यामार्फत बोलणारे सेन्सर अधांतरी. काही आपला दुसरा रस्ता शोधतात. काही असे रुसतात की नव्याने जोडल्याशिवाय बोलत नाहीत.

त्याहून मोठी भानगड लाइट गेल्यावर. हब (सेन्सरचे निरोप गोळा करणारं मुख्य यंत्र) आणि राउटर इन्व्हर्टरवर, पण मधला प्लग साध्या लाइनवर! म्हणजे हब जागा, पण टाकीचा पत्ता नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून जिन्यातला पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, तेव्हा कटकट मिटली. ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही.

झिगबीसारखं वायफायही २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तेव्हा दोघांची टक्कर होऊ शकते. वायफाय चॅनेल १ वर ठेवून झिगबी २० किंवा २५ वर घ्या. हे आधीच ठरवा, नंतर बदललं तर काही उपकरणं पुन्हा जोडत बसावी लागतात. हबऐवजी संगणकाला लावायचा यूएसबी डोंगल असेल तर संगणकाच्या ३.० पोर्टात थेट खोचू नका, तिथला गोंगाट त्याला बाधतो. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून लांब ठेवा.

झिगबीचा वेग सेकंदाला जेमतेम २५० किलोबिट, त्यामुळे कॅमेऱ्याची आशा नको. ‘थ्रेड (झिगबीसारखंच दुसरं बिनतारी तंत्र) घेऊ का?’ असं बरेच जण विचारतात. खुशाल घ्या, पण खालचा रेडिओ तोच, ८०२.१५.४ प्रमाणाचा. जिन्यातला प्लग तिथेही लागणारच.