बंद न होणारं क्रेडिट कार्ड आणि २३४ रुपये ८२ पैसे

कुठली लिंक उघडली नाही, कुणाला ओटीपी सांगितला नाही. तरी पैसे गेले, आणि ते नेले खुद्द बँकेने. नाव लिहीत नाही, कारण हा उद्योग त्या एकाच बँकेत चालत असेल असं मला अजिबात वाटत नाही.

एफडी रिन्यू करायला शाखेत गेलो असताना कार्ड गळ्यात पडलं. बाजूच्या टेबलावरचा मुलगा उठून आला. "काका, तुम्हाला कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे. लाइफटाइम फ्री. एक रुपया भरायचा नाही." म्हटलं, हेच मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. त्याने पाठवलं. दुसऱ्या वर्षी स्टेटमेंटमध्ये वार्षिक फी लागली, वर १८ टक्के जीएसटी. 'फ्री' फक्त पहिल्या वर्षापुरतं होतं. तो मुलगा तोवर दुसऱ्या बँकेत गेला होता (त्याच्यावर राग नाही, टार्गेटखाली पिचलेली पोरं ती), पण त्याचा मेसेज माझ्याकडे होता, म्हणून फी परत मिळाली. हे कार्डच नको, असं तेव्हा ठरवलं. खरा खेळ इथून पुढे.

कस्टमर केअरला फोन लावला. बिल सगळं भरलेलं, बाकी शून्य. पलीकडच्या मुलीने आधी व्हाउचर देऊ केलं, मग फी कायमची माफ करते म्हणाली, मग कर्ज देताना बँका बघतात त्या सिबिल स्कोअरचं नाव काढून घाबरवून पाहिलं: "सर, जुनं कार्ड बंद केलंत तर सिबिल स्कोअर खाली येईल." मी ऐकत नाही म्हटल्यावर "रिक्वेस्ट घेतली, सर" म्हणाली आणि फोन ठेवता ठेवता एका दमात काहीतरी वाचून दाखवलं. त्यातला 'कॉम्प्लिमेंटरी' एवढा एकच शब्द कळला. मी स्पष्ट सांगितलं, "मला काहीही नको, फक्त कार्ड बंद करा."

पुढच्या स्टेटमेंटमध्ये दोन ओळी होत्या. कार्ड प्रोटेक्शन प्लॅन, १९९.०० रुपये. जीएसटी, ३५.८२ रुपये. तारीख माझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशीची. आणि कार्ड चालूच.

एवढ्याशा रकमेसाठी बँक हे का करेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. नियम वाचल्यावर उलगडा झाला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांबाबत निर्देश काढले, ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाही झालं तर बँकेने ग्राहकाला रोज ५०० रुपये दंड द्यायचा. पण त्यात एक अट आहे: कार्डावर काही येणं बाकी नसावं. आता ते २३४ रुपये ८२ पैसे पुन्हा बघा. बाकी निघाली, विनंती बाद झाली, दंडाचा प्रश्नच मिटला. बँकेने हे मुद्दाम केलं हे मी सिद्ध करू शकत नाही. फायदा कुणाचा झाला ते मात्र उघड आहे.

परत फोन केला तर उत्तर मिळालं, "आधी भरून टाका सर, मग रिव्हर्स करतो." लेट फी लागू नये म्हणून 'हरकत कायम ठेवून भरत आहे' असा ईमेल करून भरले. प्लॅन दरमहा आपोआप रिन्यू होणारा निघाला. पुढच्या महिन्यात त्याच दोन ओळी हजर! भरा, की पुन्हा बाकी तयार. कार्ड शून्यावर येणार कधी आणि बंद होणार कधी?

शाखेत गेलो. ज्या शाखेने कार्ड विकलं, त्याच शाखेच्या मॅनेजरसाहेबांनी चहा विचारला आणि सांगितलं, "कार्ड डिव्हिजन वेगळं आहे हो, आमच्या हातात काही नाही." विकताना बरं हातात होतं!

कार्ड विभागाचं म्हणणं, प्लॅनला तुम्ही फोनवर संमती दिलीत. मग रेकॉर्डिंग ऐकवा, म्हटलं. 'ते अंतर्गत वापरासाठी असतं.' त्याच निर्देशांत लिहिलंय की कार्ड असो वा कार्डासोबत दिलेली इतर सेवा, ग्राहकाची संमती स्पष्ट हवी, गृहीत धरलेली चालत नाही. हे वाक्य ईमेलमध्ये जसंच्या तसं टाकलं. उत्तर आलं ते छापील: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दुसऱ्यांदा लागलेले पैसे मी भरले नव्हते, त्यामुळे रात्री साडेआठला वसुलीवाल्याचा फोन आला. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. त्याला ते ऐकवलं तर त्यानेच फोन कापला.

तुमच्यावर ही वेळ आली तर कार्ड फोनवरून बंद करायच्या भानगडीत पडू नका. ईमेल, वेबसाइटवरची लिंक, ॲप असे मार्ग बँकेने ठेवलेच पाहिजेत, आणि पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह तिला धरता येत नाही. लेखी विनंती केली की तारीख आपल्या हातात राहते आणि मध्येच कुणी काही वाचून दाखवत नाही. विनंती केली त्या दिवशीचा शून्य बाकीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे तो होता, म्हणूनच पुढचं जमलं.

बँकेतल्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आधी बँकेकडे न जाता थेट तिकडे गेलात तर तक्रार परत येते. तक्रारींसाठी असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ या क्रमांकावर विचारता येतं. लोकपालाकडच्या अर्जाला मी स्क्रीनशॉट, दोन्ही स्टेटमेंटं आणि ईमेल जोडले. मग गंमत बघा. इतके दिवस दाद न देणाऱ्या कार्ड विभागाचा स्वतःहून फोन आला, आणि 'सर' आता दर वाक्याला दोनदा येऊ लागलं. पहिल्या महिन्याचे पैसे परत आले, दुसऱ्या महिन्याचे रद्द झाले, कार्ड बंद झाल्याचं पत्र आलं. "आता तक्रार मागे घ्याल ना?" असंही विचारून झालं.

नाही घेतली. रोजच्या ५०० रुपयांचा मुद्दा उरतोच. बँक म्हणते, बाकी होती. मी म्हणतो, विनंती केली तेव्हा शून्य होती, नंतरची तुम्ही तयार केलीत. लोकपालाकडे आता एवढाच वाद शिल्लक आहे.

पत्र मिळालं तरी क्रेडिट रिपोर्ट तपासा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. माझ्या एका रिपोर्टमध्ये हे कार्ड अजून चालू दिसतंय, त्यापुढे थकबाकीही आहे. दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे, आणि अर्जाची पोच मी जपून ठेवली आहे.