फॉर्मल मेथड्सचा सेमिनार: तीनपैकी कोणता पेपर घ्याल?

फॉर्मल मेथड्स म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे की नाही हे गणिताने तपासायच्या पद्धती. त्यांवरच्या सेमिनारसाठी पेपर निवडायची वेळ आली की तीन पेपर हमखास समोर येतात: प्रोग्रामच्या सिद्धतेचे नियम मांडणारा टोनी होअर यांचा १९६९चा, एसईएलफोर (seL4) या मायक्रोकर्नलवरचा (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्याशा गाभ्यावरचा) २००९चा आणि या पद्धती कामात वापरल्याचा अनुभव सांगणारा अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांचा २०१५चा. मांडायला मात्र तिघांचीही तऱ्हा वेगळी.

होअरचा पेपर जेमतेम पाच-सहा पानांचा. पानं कमी म्हणून सोपा समजू नका, एकेका परिच्छेदावर अडायला होतं. पण यातलं उदाहरण फळ्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवता येतं, ही सोय बाकी दोघांत नाही. पुन्हा पुन्हा वजाबाकी करून भागाकार काढणारा तो छोटासा प्रोग्राम आहे. २३ ला ५ ने भागायचंय. सुरुवातीला बाकी २३, भागाकार ०. मग १८ आणि १, १३ आणि २, ८ आणि ३, शेवटी ३ आणि ४. कुठल्याही टप्प्यावर थांबा, ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ खरंच असतं. शाळेत पाठ केलेलं हे सूत्रच इथे लूपचा इनव्हेरियंट, म्हणजे प्रत्येक फेरीत खरं राहणारं विधान आहे! हे फळ्यावर उमटलं की मागच्या बाकावरचेही वही काढतात.

आणि मग कुणीतरी विचारतंच, भाजक शून्य असला तर? लूप कधीच संपणार नाही. तरीही होअरची सिद्धता मोडत नाही, कारण ती एवढंच सांगते की प्रोग्राम संपला तर उत्तर बरोबर असेल. तो संपेलच, असं ती म्हणत नाही. या एका प्रश्नावर दहा मिनिटं चर्चा रंगते.

एसईएलफोरचा आवाका पाहून छाती दडपते. सी भाषेतल्या साधारण ८,७०० ओळी आणि त्या बरोबर आहेत हे सिद्ध करायला इझाबेल या सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या सुमारे २ लाख ओळी. चाचण्यांत १६ चुका सापडल्या होत्या, सिद्धता करताना आणखी १४४ निघाल्या. हे आकडे स्लाइडवर छान दिसतात, पण तेवढ्यावर सेमिनार होत नाही. वर अमूर्त स्पेसिफिकेशन (कर्नलने काय करायचं याचं वर्णन), त्याखाली हॅस्केल भाषेतल्या प्रोटोटाइपवरून आलेलं दुसरं, त्याखाली सी कोड अशी उतरंड आहे, आणि ती सगळी चाळीस मिनिटांत सांगायला गेलं की कुणाच्याच हाती काही लागत नाही. हा पेपर घेतलाच तर लेखकांनी काय गृहीत धरलंय तिथे थांबा: कंपायलर, असेंब्ली कोड, हार्डवेअर, बूट कोड. हे सगळं सिद्धतेच्या बाहेर आहे आणि त्यांनी ते उघडपणे लिहिलंय. ‘पूर्णपणे सिद्ध केलेला कर्नल’ या शब्दांचा नेमका अर्थ त्या यादीतच कळतो. मला तो भाग सगळ्या पेपरात मोलाचा वाटतो.

अ‍ॅमेझॉनचा पेपर वाचायला सर्वांत हलका. सिस्टिम कशी वागावी हे नेमकं लिहायची लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस (TLA+) भाषा कंपनीचे इंजिनिअर दोन-तीन आठवड्यांत शिकले आणि डायनॅमोडीबी या कंपनीच्या डेटाबेसमध्ये अशी एक चूक सापडली, की तिथवर पोचायला कमीत कमी ३५ पायऱ्या लागत होत्या. इतकी लांब वाट टेस्टिंगमध्ये सहजासहजी कोण चालणार? नोकरीच्या दृष्टीने विचार करणाऱ्या वर्गाला हे लगेच पटतं. अडचण एवढीच की त्यांची मूळ स्पेसिफिकेशन्स पेपरात नाहीत. दाखवायला काही हवं तर छोटं मॉडेल, समजा दोन प्रोसेस आणि एक लॉक, स्वतः लिहून मॉडेल चेकरवर, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्यता तपासणाऱ्या प्रोग्रामवर चालवावं लागेल. तेवढी तयारी नसेल तर हा पेपर घेऊ नका, नुसता अनुभव सांगितल्यासारखं होतं.

पहिलाच सेमिनार असेल आणि हातात दोन आठवडे असतील, तर मी होअरच घ्यायला सांगेन. महिनाभर असेल आणि कोड लिहायची हौस असेल, तर अ‍ॅमेझॉन. एसईएलफोर मात्र इझाबेलमध्ये स्वतः एखादं छोटं प्रमेय सिद्ध करून पाहिलेल्यानेच घ्यावा.